लागत नाही

कँटीनमध्ये काहीतरी जळतंय हे सगळ्यांत आधी देवीदासच्याच नाकाला कळलं. आता भिलाईसारख्या गावात, जिथं जाळणं हाच मुख्य धंदा, तिथं जळका वास आला म्हणून नाक मुरडणं म्हणजे विहिरीत बसून ओल आल्याची तक्रार करणं. पण देवीदासचं नाक तसलंच होतं. कोळशाचा वास त्याला वेगळा कळायचा, वितळल्या लोखंडाचा वेगळा, करपलेल्या ग्रिसचा वेगळा, आणि कँटीनच्या आलूवांग्याच्या तळाशी लागलेल्या मसाल्याचा तर सगळ्यांहून वेगळा. हा त्यातला कुठलाच नव्हता. खूर जाळल्यासारखा होता. "कोणाचं काय जळून राहिलं बे?" समोर बसलेला चंपत म्हणाला. "अन् लोकं जेवून राहिले अठी," देवीदास म्हणाला, आणि तोंड असं केलं की शेजारच्या बाकावरच्या दोघांनी उगाचच आपापल्या चपला तपासल्या. लोकांना लाज नाही, असं त्याला वाटलं. चालता चालता थुंकतात, पंगतीत शिंकरतात, कोपर बुडालेल्या वरणातून तसंच पुढं वाढून घेतात, आणि आता जेवणाच्या जागी कोणीतरी चामडंही जाळायला घेतलंय. पोटातून एक आंबट उमासा वर आला. त्यानं तो गिळला, कारण ओकण्याचीही त्याला किळस होती. मग चंपतची नजर खाली गेली आणि तिथंच थांबली. देवीदासच्या डाव्या हातात, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, बिडी होती. म्हणजे होती असं म्हणायचं. बिडी केव्हाच संपली होती आणि आता बोटांची पाळी चालू होती.

बिडी अशी मागच्या बेचक्यात धरायला कारण होतं. देवीदासच्या प्रत्येक गोष्टीला असायचं. जेवायचा हात उजवा, त्याला वास नको म्हणून बिडी डाव्यात. डाव्याचीही पुढची बोटं कामाची, कपाळ पुसायची, पान उलटायची, म्हणून मागची दोन. स्वच्छतेसाठी त्यानं जी दोन बोटं वाळीत टाकली होती, तीच नेमकी त्याला न सांगता जळत होती. चंपतनं फटका मारून थोटूक उडवलं. "अबे बोट! बोट जळून राहिलं तुयं!" बाकावरचे सगळे उठून आले, पाहिलं, आणि हसले. कारण रोलिंग मिलमध्ये देवीदास फिटरच्या डाव्या हाताची कीर्ती जुनीच होती. गरम नट तो फडक्याशिवाय उचलायचा. एकदा एका रशियन साहेबानं ते पाहून त्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि "खराशो, खराशो", म्हणजे छान, म्हणत चार लोकांना बोलावून पुन्हा करायला लावलं होतं. तेव्हापासून सगळे त्याला खराशो म्हणायचे. "फौलाद हे गा, ये आदमी नोहे," दुर्गकडचा एक जोडीदार आजही कौतुकानं म्हणाला. देवीदासही हसला. मग नळावर गेला, खिशातल्या साबणाच्या वडीनं बोटं घासली, आणि घासता घासता कातडीचा एक पांढरा पापुद्रा साबणाबरोबर निघून आला. पाणी त्यावरून वाहत राहिलं. दुखलं नाही. दुखलं असतं तर माणूस ओरडतो, फुंकर मारतो, आईची आठवण काढतो, आणि प्रकरण मिटतं. न दुखण्याचं काय करायचं हे मात्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणजे शिकवलं होतं, हाच त्यातला विनोद. नुसतं शिकवलं नव्हतं, पाठ करून घेतलं होतं. 'चट्टा पाहा फिका पडे, घाम नाही केस झडे, टोचा सुई, द्या चटका, रोग्याला ना कळे झटका!' हे भय्याजींच्या नाटकातलं पद तो महिनाभर रोज म्हणत होता. भय्याजी कारखान्यात टाइमकीपर आणि मोहल्ल्यात नाटककार. दोन्हीकडे उशिरा येणाऱ्यांवर त्यांचा राग. झालं असं, की दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना या भागात गावोगाव सुन्न चट्टेवाले लोक सापडत होते, आणि लोक चट्टे झाकून फिरत होते. साहेबांनी पत्रकं वाटली. लोकांनी त्यांत भजी बांधून नेली. मग बोटं झडलेल्या हाताचं एक चित्र छापून आलं, खाली हिंदीत 'कुष्ठ से घृणा नहीं, इलाज कीजिए', आणि ते कोणीतरी नेमकं कँटीनमध्ये भाजीच्या पातेल्यावर चिकटवलं. त्या दिवशी भाजी इतकी उरली की कंत्राटदारानं स्वतःच्या हातानं ते चित्र फाडलं. शेवटी साहेब बौद्ध मंडळाकडे आले: तुमच्या जयंतीला हजारो लोक जमतात, एखादं नाटक बसवा. भय्याजींनी एका रात्रीत लिहिलं. डॉक्टर व्हायला सगळा मोहल्ला तयार होता, रोगी व्हायला कोणी नाही. तेव्हा भय्याजींनी देवीदासला बोलावलं. "हे पाय, गलिच्छ मानसानं रोगी केला त लोकं म्हनतीन खराच आहे, अन् पयतीन. स्वच्छ मानूस पाह्यजे. तुयापेक्षा स्वच्छ या कॅम्पात साबन बी नाई." शिवाय, ते म्हणाले, तुला पाहून कोणाला किळस येणार नाही; तुलाच सगळ्यांची येते; जमून गेलं. डॉक्टरचं काम चंपतला मिळालं, कारण पांढरा कोट त्याच्याकडे होता. त्याला वाक्यं पाठ होईनात, म्हणून देवीदासच त्याला मागून पुरवायचा. अशा रीतीनं रोग्याचं आणि डॉक्टरचं, दोन्ही कामं देवीदासच्या तोंडात बसली होती. नाटकाच्या शेवटाचा तर भय्याजींना फार अभिमान. रोगी म्हणतो, 'लागत नाही, डॉक्टरसाहेब, काही लागत नाही!' आणि डॉक्टर लोकांकडे वळून म्हणतो, 'अन् औषध घेतलं तर दुसऱ्यालाही लागत नाही!' "एकच शब्द," भय्याजी भेटेल त्याला सांगत, "अन् दोन शिफ्टमध्ये काम काढलं त्याच्याकून!" तर भिलाईत त्या वर्षी जी जनजागृती व्हायची होती, तिची सुरुवात नळापाशी, प्रयोगाच्या चार दिवस आधी, खुद्द रोग्यापासून झाली. आणि त्याला ती मुळीच नको होती.

त्यानं बाही वर केली. कोपराखाली, आतल्या अंगाला, तो होता. गेल्या थंडीपासून होता. भाकरीवर राखेचं बोट लागावं तसा फिकट. देवीदासनं त्याला गजकर्ण ठरवलं होतं, कारण गजकर्ण ठरवलं की मलम मिळतं. मलम लावताना तो मान वळवून दुसरीकडे पाहायचा. आता पाहिलं. वैशाख तोंडावर आलेला, सगळा हात घामानं चमकत होता आणि तेवढा तुकडा कोरडा, शहाण्यासारखा, जणू त्याला कोणी वेगळी सावली दिली होती. त्यावर केस नव्हते. स्वतःच्याच अंगावर कोणीतरी परकं भाड्यानं राहतंय, न विचारता, आणि आतल्या खोलीकडे सरकतंय, असं त्याला वाटलं. बाही खाली करून त्यानं गुंडी लावली, आणि गुंडीला लागलेला हात पुन्हा धुतला. मग नळाची तोटी धुतली. मग वाटलं की तोटी धुतलेला हात... आणि भोंगा झाला म्हणून तो थांबला, नाहीतर अजूनही तिथंच असता.

ही किळस त्याची आजची नव्हती. तो लहान असताना गावात, तिकडे नागपूरच्या अलीकडे, पाटलीणबाई वाड्याच्या पायरीवरून त्याच्या मायच्या पदरात भाकर टाकायची. टाकायची म्हणजे कशी, तर कोपर अंगाशी, मनगट एकदाच झटकून, भाकर सुटली की बोटं लगेच मिटायची. जणू भाकरीवाटे काही उलटं चढून येईल. ओंजळीत पाणीही तसंच, उंचावरून. त्याचा त्याला राग यायचा, पण किळस आली ती वेगळ्याच एका दिवशी. गावकुसाच्याही पलीकडे, नाल्यापाशी, हातापायाला चिंध्या बांधलेला एक महारोगी बसायचा, आणि उरलेली अर्धी भाकर माय त्याला टाकायची. देवीदासनं पाहिलं: कोपर अंगाशी, मनगट एकदाच झटकून, बोटं लगेच मिटलेली. तेच मनगट. पाटलिणीचं मनगट मायच्या हाताला होतं. माय, पंचफुलाबाई, जगातली सगळ्यांत मऊ बाई होती, विंचू मारतानाही 'अगं माय, चुकलं' म्हणायची. आणि तिलाही तो झटका कोणी न शिकवता येत होता. त्या दिवशी तो नाल्याकाठी ओकला. पुढं छप्पन साली नागपूरला त्या मैदानात लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि तिथं अनोळखी माणसाचा घाम त्याच्या बाहीत झिरपला, कोणाचा तरी श्वास मानेवर पडला, कोणाच्या तरी म्हाताऱ्या आजीनं त्याच्या खांद्यावर हात टेकून बसकण मारली. त्याला आयुष्यात एकदाच कशाचीच किळस आली नाही. आता झालं, असं त्याला वाटलं होतं. स्पर्शाची भानगड मिटली. इथं भिलाईत तर ती निघालीच नाही. लाल मुरुमाच्या धुळीत सगळे सारखेच लाल. आणि आता इतक्या लांब येऊन, नवा धर्म, नवा क्वार्टर, नवी नोकरी घेऊन, त्यानं ते सगळं आपल्या कोपराखाली बरोबर आणलं होतं.

क्वार्टरवर सत्यशीलानं चहा दिला. लग्नाला दीड वर्ष झालेलं. ती हिंगणघाटकडची, बोलायला बसली की हसणारी आणि हसायला लागली की बोलणं विसरणारी. पण चहाच्या बाबतीत तिचं एक खूळ होतं, निदान देवीदास त्याला खूळ समजायचा. पेला ती नेहमी त्याच्या उजव्या हाताशी ठेवायची. तो डाव्या बाजूला सरकला तर तीही पेला घेऊन वळसा घालून उजवीकडे यायची. चुलीवरचं भांडं त्याला उतरवू द्यायची नाही. थंडीत तिनं त्याच्या सायकलच्या डाव्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. "मी काय कुकुलं बाळ आहे?" तो चिडायचा. "असू द्या ना," ती म्हणायची. आज त्यानं डावा हात पाठीशी ठेवला आणि म्हणाला, "मशिनले लागलं. काही नाई." ती त्या हाताकडे पाहत राहिली आणि पेला तिनं उजवीकडे ठेवला. तिच्या पाहण्याची त्याला भीती वाटली. साधी सरळ गोष्ट होती: किळस म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ती परवानगी मागत नाही. प्रेम बिचारं बाहेर चपला काढेपर्यंत ती आत येऊन बसलेली असते. जे तोंड तो स्वतः दिवसातून दहादा करायचा, तेच एक दिवस सत्यशीलाच्या तोंडावर पाहायचं, क्षणभरच, ती लगेच सावरेल, हसेल, म्हणेल असू द्या ना. पण तो क्षण त्याला दिसेल, कारण तो त्याला सगळीकडेच दिसतो. त्यापेक्षा हात गेलेला परवडला. त्यानं ठरवलं: गजकर्ण. नाटक होऊ दे, मग रायपूरला जाऊन, नाव बदलून, कुठून तरी गोळ्या आणू. किंवा नकोच आणू.

आत पंचफुलाबाई भाजी निवडत होती. नाटकाची वाक्यं ऐकून ऐकून तिलाही अर्धी पाठ झाली होती. "कावं सत्यशीला," ती म्हणाली, "हा कुष्ठ कुष्ठ करून राहिले हे लोकं, तो कोनता रोग?" "महारोग, आत्याबाई." पंचफुलाबाईनं देठ मोडला.  मग अगदी हलक्या मनानं म्हणाली, "मंग आपल्याले कायचा होते तो? आपन त बौद्ध झालो." सत्यशीला पदरात तोंड घालून हसायला लागली. माय हसत नव्हती. "हासतेस कायले? नावातच आहे ना त्याच्या. ज्याच्यासाठी होता त्याच्यापाशी राह्यला. आपन ते सारं छप्पन सालीच सोडून आलो." देवीदासला खरं म्हणजे सांगायला हवं होतं, की माय, तो 'महा' वेगळा, महापुरातला, महागाईतला, जातीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि पाटलालाही होतो. नाटकात तर डॉक्टर असंच काहीसं म्हणायचा: हा शाप नाही, पाप नाही, जंतू आहे. पण सगळ्या भिलाईत, डॉक्टरसाहेबांसकट, या रोगावर पक्का बंदोबस्त केलेला माणूस एकच होता, आणि तो इथं बसून मेथी निवडत होता. नाव टाकून दिलं की रोगाला पत्ता सापडत नाही. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की सापडला?

जयंतीच्या दिवशी रुआबांध्याच्या बाजूच्या मैदानात मंडप पडला. सकाळी मिरवणूक झाली, दुपारी भाषणं झाली, आणि उन्हं उतरता उतरता भय्याजींनी देवीदासला पडद्यामागे ओढलं. झिंक पावडर, डिंक आणि किंचित गेरू कालवून त्यांनी त्याच्या उजव्या हातावर एक झकास चट्टा काढला. इतका झकास, की देवीदासला त्याची खऱ्याहून जास्त किळस आली. डावी बाही त्यानं मनगटापर्यंत बंद ठेवली होती. बोटांना पट्टी होती. भय्याजी खूश झाले, म्हणाले, वा, स्वतःहून मेकप केला. पडदा उघडला. पुढं बायकांमध्ये माय आणि सत्यशीला, खुर्च्यांवर डॉक्टरसाहेब, मागं कोहक्यापासून उतईपर्यंतचे लोक, झाडांवरही लोक. चंपत पांढरा कोट घालून आला आणि टाळ्या झाल्या, कोटाला. सगळं सुरळीत चाललं. मग सुईची जागा आली. सुई आणायची राहिली होती, म्हणून चंपतनं छातीवरच्या जयंतीच्या बिल्ल्याची पिन काढली आणि, हजार लोक पाहताहेत या जोशात, रंगवलेल्या चट्ट्यात खुपसली.

"आई गंऽऽ!" देवीदास ओरडला. तो त्याचा चांगला हात होता.

मैदान खदाखदा हसलं. झाडांवरचे लोक पडायच्या बेताला आले. "लागलं?" चंपत नाटकाबाहेर येऊन विचारून बसला. "लागलं ना बे!" आणखी हशा. पडद्याआड भय्याजींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. पुढच्या खुर्चीत डॉक्टरसाहेब कसनुसं हसत होते, आणि देवीदासला त्या हशाच्या मध्ये उभं असताना एक भलताच विचार आला. हे एवढे लोक आता घरी जातील, आणि काय शिकून जातील? चट्टा दुखतो, हे. उद्या ज्याचा चट्टा दुखणार नाही, तो निर्धास्त होईल. मलम लावेल. गरम नट उचलून टाळ्या घेईल. काम अर्धवट करून ठेवणाऱ्यांची देवीदासला जेवढी किळस होती तेवढी थुंकणाऱ्यांचीही नव्हती. सैल सोडलेला बोल्ट तो दुसऱ्याच्या मशिनवरही पाहू शकत नसे. शौर्य वगैरे काही नव्हतं. बोल्ट सैल राहिला होता, एवढंच. त्यानं पुढं बसलेल्या सत्यशीलाकडे पाहिलं नाही. डावी बाही उघडली, कोपरापर्यंत वर केली आणि हात पुढं धरला. "इथं टोच."

"अबे रंग त तिकडच्या हाताले आहे," चंपत ओठ न हलवता कुजबुजला.

"टोच म्हनलं ना."

चंपतनं टोचलं. काही नाही. "लागत नाही, डॉक्टरसाहेब," देवीदास म्हणाला. हशा विरला. चंपतनं जरा जोर केला. पिन आत जाताना देवीदासनं पाहिली, जशी दुसऱ्याच्या उशीत टाचणी जाताना पाहावी. रक्ताचा एक थेंब आला आणि कोरड्या चट्ट्यावर गोल, लाल, हुशार होऊन बसला. "काही लागत नाही."  कोणीतरी मागून श्वास सोडला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात, आणि शिट्ट्या, आणि मंडळाच्या जुन्या नाटकवेड्यांतला एकजण खुर्चीवर उभा राहून ओरडला, "वन्स मोर!" सगळं मैदान ओरडायला लागलं, वन्स मोर, वन्स मोर. देवीदासनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला खरं सांगितलं होतं आणि लोकांना ते पुन्हा हवं होतं. हात त्यानं पुन्हा पुढं केला. चंपतनं, आता हसत हसत, तिसऱ्यांदा पिन खुपसली, वर पाहिलं, देवीदासच्या डोळ्यांत शोधलं, आणि त्याला तिथं काहीच सापडलं नाही. पापणीही हलली नव्हती. चंपतचं हसू तोंडावरच राहिलं पण आतून कोणीतरी उठून गेलं. पिन त्याच्या बोटांतून सुटली. आणि ज्या हातानं त्यानं देवीदासचं मनगट धरलं होतं, तो हात, कोपर अंगाशी ठेवून, एकदाच झटकून, त्यानं पांढऱ्या कोटाला पुसला.

तेच मनगट. वाड्याच्या पायरीवरून नाल्यापाशी, नाल्यापासून रुआबांध्याला, न थकता आलेलं. चंपत, ज्याच्या डब्यात त्यानं बोट घालून लोणचं चाखलं होतं. बालपणीचा, एका वस्तीतला. त्याचंही काही चुकत नव्हतं, त्याला तो झटका येत असल्याचं ठाऊकही नव्हतं. पण आता बोलायची पाळी डॉक्टरची होती, आणि डॉक्टरला काही आठवत नव्हतं. पडद्याआडून भय्याजी ओठ हलवत होते.  मग, दोन्ही कामं पाठ असल्यामुळे, रोगीच डॉक्टरला म्हणाला, लोकांना नाही, हळूच, त्या एकट्याला, "औषध घेतलं त दुसऱ्याले लागत नाई, चंपत." पुढच्या रांगांना तरीही ते ऐकू गेलं. त्यांना वाटलं, हे भय्याजींचं लेखन. टाळ्या पडदा पडल्यावरही चालू राहिल्या. भय्याजी रडत होते. "असं उलटं टाकलं मी? कधी लिहिलं बे मी हे?" ते विचारत होते, आणि मिठी मारायला आले ते त्याच्या उजव्या हाताच्या ओल्या रंगात बरबटले. डॉक्टरसाहेब मात्र रंगमंचावर आले, शाबासकी दिल्यासारखं त्यांनी देवीदासचं डावं कोपर धरलं आणि बोट हाडाच्या मागं सुतळी शोधावी तसं फिरवलं. सुतळी होती, म्हणजे सुजलेली नस, चांगली जाड. "बहुत अच्छा काम किया," ते हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मग तसंच हसत, फक्त त्याला, "कल सुबह आइए."

घरी जाताना पंचफुलाबाई बायकांच्या घोळक्यात पुढं चालत होती. "असा केला ना पोट्ट्यानं, मलेच खरा वाटला," ती सगळ्यांना सांगत होती, आणि बायका पदर तोंडाला लावून 'अगं माय' म्हणत होत्या. मागं देवीदास सायकल हातात घेऊन, सायकलच्या पलीकडे सत्यशीला. सायकल त्यानं मुद्दाम मध्ये ठेवली होती. धूळ बसली नव्हती. मिलकडचं आकाश भट्टी उघडल्यासारखं एकदम तांबडं झालं आणि पुन्हा मिटलं. तिच्या तोंडाकडे न पाहता तो म्हणाला, "ते नाटक नव्हतं."

"मले ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"हिवाळ्यात उतईच्या बाजाराले गेलतो ना आपन, डबलसीट. माही चप्पल पडली. थांबा म्हनून मी तुमच्या ह्या हाताले चिमटे काढून राहिली होती. तुम्ही आपले चाललेच. मी म्हनलं, मानूस रागावला वाटते. एका चपलेनं बाजार केला मी, तुमाले पत्ता नाई. घरी येऊन पाह्यलं त हात हा असा सारा निळा, अन् तुम्ही मले विचारता, हे कायचं लागलं?" ती हसायला लागली आणि हसता हसता थांबली. "मंग मी पेला तिकडून ठेवाले लागली."

"मले कावून नाई सांगतलं?"

"कसं सांगू? तुमाले साऱ्याचीच किळस येते. नळाची, पायरीची, मानसाची. सोताची आली असती त कुठं गेले असते तुम्ही? सोताले सोडून कुठं जाते मानूस? म्हनून मी भेत होती."

 देवीदासनं मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "अन् तुले नाई येत? किळस?"

सत्यशीलानं खरोखर विचार केला. "तुम्ही येऊ देत नाई ना," ती म्हणाली. "घरातली सारी किळस तुम्हीच करता. आमाले उरतेच कुठं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात, शेवटच्या खिडकीशी, ती दोघं उभी होती. डॉक्टरसाहेबांनी तपासलं होतं, गोळ्या लिहून दिल्या होत्या, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील म्हणाले, एकही चुकवायची नाही, हात वाचेल, नोकरी राहील, घरी सगळ्यांनी एकदा दाखवून जावं. बिडी सोडा म्हणाले, किंवा दुसऱ्या हातात धरा. खिडकीत बाबुलाल नावाचा कंपाउंडर होता. काल पुढच्या रांगेत बसून तोच सगळ्यांत जोरात वन्स मोर ओरडला होता, देवीदासला त्याचा आवाज ओळखू आला. "अरे, हीरो!" बाबुलाल म्हणाला, आणि मग चिठ्ठी वाचली. हीरो संपला. त्यानं अंगठा जिभेला लावून कागदी पुड्यांच्या गठ्ठ्यातून एक पुडी सुटी केली, कोपर अंगाशी घेतलं, आणि देवीदासच्या ओंजळीच्या वीतभर वरून ती सोडायला हात उचलला. देवीदासची ओंजळ आपोआप खाली गेली. तिला ती उंची लहानपणापासून माहीत होती. तेवढ्यात खालून सत्यशीलाचा तळवा त्याच्या डाव्या पंजाला येऊन टेकला आणि तिनं दोन्ही हात, त्याचा आणि आपला, एकावर एक, वर उचलले, थेट खिडकीच्या आत, बाबुलालच्या नाकासमोर.

"आप ज़रा हटके खड़ी रहिए," बाबुलाल मागं सरकत म्हणाला. "आप इनकी कौन लगती हैं?"

"लागत नाई," सत्यशीला म्हणाली. "काल एवढं नाटक पाह्यलं ना तुम्ही? औषध घेतलं त नाई लागत."

बाबुलालला कळेना की हे उत्तर आहे की काय आहे. देवीदासला मात्र त्याचा अंगठा दिसत होता. पानानं लाल, ओला, थुंकीचा एक पातळ धागा पुडीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला, आणि त्या पुडीत त्याची गोळी. पोटातून तो जुना, ओळखीचा, आंबट उमासा वर आला. म्हणजे तो शाबूत होता. सुन्न झालेला हात बायकोच्या हातावर तसाच ठेवून त्यानं आपलं ते तोंड केलं, जे पाहून लोक चपला तपासतात.

"बीवी लगती है," तो म्हणाला. "और ये पुड़िया बदलके दीजिए. थूक से बीमारी लगती है."